सगळ्यांना 'बेबी पिंक'च सांगितलं होतं, तरी लग्नातले गुलाब जुळत का नाहीत?

लग्नाच्या संध्याकाळी साडेपाच-सहाच्या सुमाराला मला येणारा एक फोन ठरलेला असतो. पलीकडे बहुतेक वेळा वधूची मावशी असते आणि मागे साउंडवाल्याचं 'हॅलो, चेक, चेक' चालू असतं. "अहो ताई, करवल्यांच्या केसातली फुलं वेगळी दिसतायत आणि टेबलांवरची वेगळी. सगळ्यांना बेबी पिंकच सांगितलं होतं हो!" खरंच सांगितलेलं असतं. हारवाल्याने बेबी पिंक दिलेलं असतं, डेकोरेटरने बेबी पिंक लावलेलं असतं आणि पार्लरवाल्या मुलीनेही बेबी पिंकच खोवलेलं असतं. फक्त तिघांचं बेबी पिंक तीन ठिकाणचं.

पुण्यात लग्नांची फुलं करते मी, आणि सीझनमध्ये सगळ्यात जास्त येणारी तक्रार हीच. त्यामुळे ती आली की मी काय काय आणि कोणत्या क्रमाने तपासते, ते लिहून ठेवतेय. लग्न अजून महिनाभर लांब असेल तर सावकाश वाचा. आजच असेल तर सरळ शेवटच्या भागावर जा.

आधी मोजा: गुलाब किती जणांनी आणले?

दहातल्या सात-आठ तक्रारी इथेच सुटतात. आपल्याकडे हार एका माणसाकडे असतात, टेबलांची फुलं हॉलच्या डेकोरेशन पॅकेजमध्ये असतात, केसांची फुलं मेकअपच्या पॅकेजमध्ये. नवरदेवाच्या आणि त्याच्या मित्रांच्या कोटाला लावायचं फूल कुणाच्याच यादीत नसतं. ते आयत्या वेळी कुणीतरी भाऊ दुचाकीवर जाऊन घेऊन येतो.

दुसरी गोम शब्दाची आहे. 'राणी', 'डाळिंबी', 'बेबी पिंक', 'पीच' हे साडीच्या दुकानातले शब्द. फुलांच्या बाजारात व्यवहार चालतो तो जातीच्या नावावर. मार्केट यार्डात पहाटे डच गुलाबाच्या गाळ्यापुढे उभं राहून 'लाल द्या' म्हणालात, तर त्या दिवशी जे लाल आलं असेल ते मिळेल. टॉप सीक्रेट आणि ताजमहाल या दोन्ही लालच जाती. एकेकटी पाहिली तर कुणाला फरक कळणार नाही. एकाच टेबलावर शेजारी ठेवल्या की आत्याबाई लांबूनच विचारतात, "हे काय, फुलं कमी पडली का गं?"

हे डच गुलाब म्हणजे पॉलिहाउसमधले लांब दांड्याचे, फारसा वास नसलेले. पुण्या-मुंबईला येणाऱ्यांपैकी पुष्कळ माल मावळातला असतो, तळेगाव दाभाड्याच्या आसपासचा. पांढऱ्यात अव्हालांच, पिवळ्यात गोल्ड स्ट्राइक, पांढऱ्यावर गुलाबी कड हवी असेल तर जुमेलिया, अशी नावं माहीत असली की अर्धं काम होतं. नाव माहीत नसेल तर फुलवाल्याला गड्डी दाखवायला सांगा आणि नाव विचारून घ्या. त्याला ते माहीत असतं, आपण विचारत नाही एवढंच.

उपाय सरळ आहे. गुलाब विकत एकाच माणसाने घ्यायचे आणि बाकीच्यांनी त्यातूनच न्यायचे. पार्लरवालीला आणि डेकोरेटरला आधीच सांगून टाका की गुलाब आम्ही देऊ, तुम्ही फक्त करून द्या. पॅकेजमधून पैसे कमी करायला कुरकुर होईल. होऊ द्या. फुलवाल्याला पाठवायचा मेसेज असा असावा: 'जुमेलिया, ५० सेंमी दांडा, १६ गड्ड्या, शक्यतो एकाच शेताचा माल, शुक्रवारी पहाटे.' यात 'गुलाबी' हा शब्दच येत नाही, बघा.

१६ गड्ड्या कुठून आल्या ते सांगते, कारण यात कमी पडलं की आयत्या वेळी दुसरीकडून फुलं येतात आणि सगळं मुसळ केरात. डच गुलाबाची गड्डी २० फुलांची. १८ टेबलं धरा, प्रत्येकी १२ फुलं, झाली २१६. सहा करवल्या, प्रत्येकीला ५, म्हणजे ३०. वधूच्या अंबाड्याला ७, कोटांना १०. एकूण २६३. मोडणारी, मान टाकणारी आणि कुणाच्या तरी लहान मुलीला हवीच असलेली म्हणून १५ टक्के जास्त, म्हणजे ३०२. पंधरा गड्ड्यांत दोन फुलं कमी पडतात, म्हणून सोळा. स्टेजचा हिशेब वेगळा, तो यात धरू नका.

तारीख फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात असेल तर फुलवाल्याशी निदान महिनाभर आधी बोला. व्हॅलेंटाइन डेसाठी मावळातला चांगला माल त्या दिवसांत परदेशात आणि मोठ्या शहरांत जातो. लाल गुलाबाची तेव्हा ओढाताण असते. त्या आठवड्यात हट्टाने लाल धरण्यापेक्षा पांढरा किंवा पिवळा घ्यावा, हे माझं मत. पण आमचं ऐकतं कोण.

"फोटोत तर अगदी हाच रंग होता!"

फोनवरच्या फोटोवर रंग ठरवू नका. गडद लाल आणि राणी हे दोन रंग फोनच्या कॅमेऱ्याला झेपत नाहीत. पाकळ्यांच्या घड्या दिसेनाशा होतात आणि एक चकचकीत लाल ठिपका उरतो. शिवाय फोन आजूबाजूचा उजेड पाहून रंग स्वतःच 'सुधारतो'. पिवळ्या भिंतीपुढे काढलेला गुलाब आणि निळ्या शटरपुढे काढलेला तोच गुलाब, दोन फोटोंत दोन जाती वाटतात.

रंग जुळवायला उत्तम वस्तू आपल्या घरातच असते: ब्लाउज शिवून आल्यावर टेलरने परत दिलेलं कापडाचं कातरण. रिसेप्शनच्या साडीचं तेवढं एक बोटभर कातरण पाकिटात ठेवा आणि फुलवाल्याकडे जाताना घेऊन जा. बाजारातल्या पिवळ्या बल्बखाली जुळवू नका, गाळ्याबाहेर सावलीत या. पाकळी कातरणाला चिकटवून धरा. जरीची कड बोटाखाली झाका, कारण जरी चमकली की शेजारचा प्रत्येक रंग सोनेरी वाटायला लागतो.

लालात एक गोष्ट मुद्दाम बघायची. काही लाल केशरीकडे झुकतात, काही जांभळ्याकडे. डाळिंबी पैठणीपुढे केशरी झाक असलेला लाल ठेवला की दोघंही मळकट दिसतात. कुठली झाक आहे हे नुसत्या नजरेला कळत नसेल तर दोन जातींची एकेक पाकळी पांढऱ्या कागदावर शेजारी ठेवा. एकटा रंग डोळ्याला फसवतो, जोडीने ठेवला की पकडला जातो.

जात एक, शेत एक, तरीही दोन रंग

इथे बहुतेक वेळा फुलाचं वय आडवं येतं. मिटलेल्या कळीची बाहेरची पाकळी जाड, थोडी हिरवट, थोडी डागाळलेली असते. तेच फूल दोन दिवसांनी उमललं की आतला फिकट रंग वर येतो. जुमेलियाची कळी जवळपास गुलाबी दिसते आणि उमललेलं फूल गुलाबी कडेचं पांढरं. करवल्यांना कळ्या दिल्या आणि टेबलांवर पूर्ण उमललेली फुलं मांडली, तर जात एक असूनही कुणी मानणार नाही.

केसातल्या फुलाला पाणी नसतं, म्हणून तिथे अर्धवट उमललेलं फूल लागतं. टेबलावर मात्र भरदार हवं. मग करायचं काय? टेबलावरच्या प्रत्येक १२ फुलांत दोन-तीन अर्धवट उमललेली मुद्दाम ठेवायची. डोळ्याला दुवा मिळतो.

उमलण्याचं वेळापत्रक: रविवारी संध्याकाळी रिसेप्शन असेल तर शुक्रवारी पहाटे फुलं घ्या. आल्या आल्या कळीवरची जाळीची टोपी काढा. शेतकरी कळी मोठी आणि घट्ट राहावी म्हणून ती चढवतात. घरी ती काढायची राहिली तर रविवारपर्यंत कळी आवळलेलीच राहते. (मागे एका लग्नात टेबलांवर टोप्यांसकट गुलाब मांडलेले मी पाहिलेत. डेकोरेटरच्या पोरांना वाटलं, हीच फॅशन.) दांड्याचं टोक दोन-तीन सेंटिमीटर तिरकं कापा, पाण्याखाली येणारी पानं काढा आणि बादलीत निम्म्यापर्यंत पाण्यात उभे करा. बाहेरच्या खराब पाकळ्या लगेच सोलू नका. त्या आतल्या फुलाला धक्क्यांपासून वाचवतात. अगदी मांडायच्या वेळी काढा.

फूल मोठं दिसावं म्हणून पाकळ्या बोटांनी उलट्या वळवायची सध्या फार हौस आहे. दिसतं छान, पण दोन अडचणी आहेत. पाकळीच्या पाठीचा रंग पोटापेक्षा वेगळा असतो, त्यामुळे वळवलेली आणि न वळवलेली फुलं जुळत नाहीत. आणि जिथे बोट दाबलं तिथे संध्याकाळपर्यंत तपकिरी वळ उठतो. वळवायचीच असतील तर सगळी वळवा आणि फोटोच्या तासभर आधी वळवा.

ऋतूचाही हात असतो. गुलाबाचा लाल-गुलाबी रंग अँथोसायनिन या रंगद्रव्याचा. थंडीत ते जास्त तयार होतं, उन्हाळ्यात कमी. म्हणून डिसेंबरात पाहून पसंत केलेली गुलाबी जात मे महिन्याच्या मुहूर्ताला फिकी येते, आणि कडाक्याच्या थंडीत लाल गुलाबाच्या कडा काळपट येतात. याला फुलवाला काही करू शकत नाही. साखरपुड्याला आवडलेला गुलाब सहा महिन्यांनी लग्नाला तस्साच मिळेल, अशी आशा धरू नका. मुहूर्ताच्या आठवडाभर आधी दोन फुलं आणून पुन्हा एकदा कातरणाला लावून बघा.

हॉलचा उजेड: इथे सगळ्यात जास्त फसगत होते

हॉल आपण बुक करतो दुपारी बारा वाजता. रिसेप्शन असतं रात्री आठला. मधल्या काळात सूर्य जातो आणि लाइटवाला येतो.

नोव्हेंबरातल्या एका लग्नात मी स्टेजच्या दोन्ही बाजूंना आणि पुढच्या चार टेबलांवर गडद लाल गुलाब लावले होते. दुपारी चारला काय दिसत होते म्हणून सांगू! साडेसातला लाइटवाल्याने स्टेजवर जांभळे एलईडी सोडले आणि वधूची आजी पुढच्या खुर्चीतून मला म्हणाली, "अगं, लग्नात काळी फुलं कोणी लावली?" बघते तर खरंच काळी. कोळशासारखी. लाल पाकळी फक्त लाल उजेड परत पाठवते. निळ्या-जांभळ्या उजेडात तिला परत पाठवायला काही मिळतच नाही, मग ती काळी दिसणार नाही तर काय? लाइटवाल्याच्या हातापाया पडून मी रंग बदलून घेतला. आजींचं समाधान झालं, पण पहिल्या अर्ध्या तासाचे फोटो काळेच आले.

दुसरा प्रकार जास्त चकवणारा आहे. साडी आणि गुलाब दुपारच्या उजेडात तंतोतंत जुळतात आणि हॉलच्या पिवळसर दिव्यांत वेगळे होतात. साडीचा रंग कारखान्यातला, पाकळीचा झाडातला. दोघांची घडण वेगळी, म्हणून एका उजेडात सारखे दिसले तरी दुसऱ्या उजेडात सारखे दिसतीलच असं नाही. पिवळसर दिव्यात बेबी पिंक पीचकडे जातो, अव्हालांचचा हिरवट पांढरा मोतिया होतो, आणि फिका पिवळा गुलाब तर पांढऱ्यातच जमा होतो.

यावर उपाय एकच: त्या हॉलमध्ये, त्या वेळी, ते फूल घेऊन उभं राहणं. हॉलच्या मॅनेजरला विचारा की आपल्या आधी संध्याकाळचं रिसेप्शन कधी आहे. तेव्हा पाच मिनिटांसाठी जा, कातरण आणि दोन-तीन जातींची एकेक फुलं घेऊन. दुसऱ्याच्या लग्नात दाराशी असं हातात फुलं घेऊन उभं राहिलं की लोक अत्तर लावून पुढे सोडतात, ही एक अडचण आहे खरी.

ते जमत नसेल तर लाइटवाल्याशी बोला. तीन वाक्यं पुरतात. टेबलांवर सगळीकडे एकाच प्रकारचे वॉर्म व्हाइट दिवे हवेत, अर्धे पिवळे अर्धे पांढरे नकोत. रंगीत एलईडी मागच्या पडद्यावर सोडा, फुलांवर आणि माणसांवर नको. आणि वधूवर स्टेजवर असताना रंग आपोआप बदलत राहणारा प्रोग्रॅम बंद ठेवा. उघड्या लॉनवर तर हे आणखी गरजेचं, कारण संध्याकाळी सहा ते सात या तासाभरात उजेड चार वेळा बदलतो.

हारातले गुलाब जुळवायचा हट्ट सोडा

हार हा वेगळाच मामला आहे. आपल्याकडे हाराला बहुतेक वेळा देशी गुलाब किंवा ग्लॅडिएटरसारखी शेतात उघड्यावर होणारी जात वापरतात, नाहीतर सुट्या पाकळ्या ओवतात. ही फुलं टपोरी, वासाची, स्वस्त आणि अल्पायुषी. डच गुलाबाशी त्यांचा रंग जुळत नाही आणि जुळवायला गेलात तर हार वेड्यासारखा महाग होतो. शिवाय लांब दांड्यासाठी पैसे मोजून दांडा फेकून द्यायचा, हे माझ्या जिवावर येतं.

माझ्याकडे आलेल्यांना मी सांगते, सकाळचे विधी आणि संध्याकाळचं रिसेप्शन हे दोन वेगळे रंगसंसार धरा. सकाळी पिवळी साडी, हिरवा शालू, मुंडावळ्या, अंतरपाट, तिथे लाल देशी गुलाब आणि निशिगंधाचा हार शोभतो. त्याला टेबलं नाहीत आणि जुळवाजुळवही नाही. संध्याकाळी जे दिसतं तेवढंच जुळवा. रिसेप्शनला पुन्हा हार घालायचाच असेल तर निशिगंधाचा पांढरा हार करा आणि पदकात फक्त पाच-सात डच गुलाब घ्या, त्याच १६ गड्ड्यांतले.

सकाळचाच हार संध्याकाळी वापरू नका. ओवताना सुई पाकळीतून जाते, तिथून ती काळी पडायला लागते आणि चार-पाच तासांत कड फिरते. तोवर हार नीट ठेवायचा तर केळीच्या पानात किंवा ओलसर सुती कापडात गुंडाळून सावलीत ठेवावा. प्लास्टिकच्या पिशवीत गच्च बांधला की आत घाम सुटतो आणि पाकळ्या शिजल्यासारख्या होतात.

शिळी फुलं कशी ओळखायची

लाल गुलाब शिळा होताना जांभळट पडतो. पाकळीतली साखर संपली की आतली प्रथिनं तुटायला लागतात, त्यातून अमोनिया सुटतो, पेशीरसाचा आंबटपणा कमी होतो आणि अँथोसायनिन निळ्याकडे झुकतं. कपड्यावरचा जांभळाचा डाग साबण लावल्यावर निळा पडतो ना, तोच खेळ. गड्डी घेताना बाहेरच्या पाकळ्यांच्या कडेला जांभळी झाक असेल तर ती गड्डी दुसऱ्या दिवशी ताज्या गड्डीशी जुळणार नाही, कितीही एकाच जातीची असली तरी. देठाजवळची गाठ बोटांनी हलकेच दाबा. घट्ट लागली पाहिजे. मऊ लागली तर सोडून द्या.

"आठ वाजेपर्यंत सगळ्यांनी माना टाकल्या"

रंग जुळला, पण अर्धी टेबलं ताठ आणि अर्धी झुकलेली असतील तर तेही न जुळणंच. फूल ताजं दिसत असून मान मोडून खाली बघत असेल तर दांड्यात पाणी चढत नाहीये. कापताना हवा आत गेली, नाहीतर घाण पाण्यातल्या जिवाणूंनी नळ्या तुंबल्या.

टेबलावरच्या फुलांत मुख्य गुन्हेगार हिरवा स्पंज असतो, म्हणजे फुलं टोचायचा फोम. डेकोरेटरची पोरं घाईत तो पाण्यात दाबून बुडवतात. बाहेरून ओला दिसतो, आत कोरडा खिसा राहतो. ज्या फुलाचा दांडा त्या खिशात गेला ते तासाभरात मान टाकतं. विटेएवढा फोम मोठ्या टबात पाण्यावर नुसता ठेवून द्यायचा. तो एक-दोन मिनिटांत आपला आपण पाणी पीत बुडतो. त्याला हात लावायचा नाही. दांडा एकदा टोचला की वर ओढून पुन्हा तिथेच ढकलायचा नाही, कारण टोकाखाली पोकळी राहते. जागा चुकली तर काढून नवीन भोक पाडा. आणि कालच्या कार्यक्रमातला वाळलेला फोम पुन्हा भिजवून चालत नाही, तो पाणी धरत नाही. हे स्वस्तातल्या पॅकेजमध्ये सर्रास होतं. मांडणी चालू असताना एकदा जाऊन बघाच.

लॉनवरचं पाणी पुष्कळदा बोअरचं किंवा टँकरचं असतं. जड, अल्कधर्मी पाणी गुलाबाला चढत नाही. पिण्याच्या पाण्याचे २० लिटरचे दोन-तीन जार फुलांसाठी वेगळे सांगून ठेवा. फुलवाल्याकडे फुलं टिकवायच्या पुड्या मिळाल्या तर उत्तम. नसतील तर १ लिटर पाण्यात १ मोठा चमचा साखर, २ मोठे चमचे लिंबाचा रस आणि पाव छोटा चमचा कपड्यांचं ब्लीच चालतं. ब्लीच आधी पाण्यात मिसळा आणि मग लिंबू घाला, दोन्ही थेट एकमेकांत ओतू नका. नुसती साखर तर मुळीच घालू नका. त्यात जिवाणूंची चंगळ होते.

मान टाकलेलं फूल पुन्हा उभं करता येतं. दांडा दोन-तीन सेंटिमीटर कापा, शक्यतो पाण्याखाली धरून. पाच-सहा फुलं मान सरळ करून वर्तमानपत्रात घट्ट गुंडाळा आणि हाताला सोसेल इतक्या कोमट पाण्यात खोलवर उभी करा. तासा-दोन तासांत बहुतेक उठतात. जी फारच कोवळी तोडलेली असतात त्यांची मान कच्चीच असते, ती नाही उठत. त्यांचं काय करायचं ते पुढे सांगते.

ठेवायची खोली

लग्नघरात फुलं ठेवायला थंड खोली म्हणून जी मिळते तिथेच फळांच्या करंड्या असतात. केळी, चिकू, पपई, आंब्याच्या दिवसांत आंबे. पिकणारं फळ इथिलीन वायू सोडतं आणि त्याने गुलाब लवकर म्हातारे होतात, पाकळ्या झडतात. मी एकदा पाच गड्ड्या अव्हालांच रात्रभर अशा खोलीत ठेवल्या. सकाळी फुलं उचलली तर हातात दांडे आणि जमिनीवर पाकळ्या. तेव्हापासून पहिला प्रश्न विचारते, "काकू, फळं कुठे ठेवलीत?" घरच्या फ्रिजलाही हाच नियम.

पांढऱ्या आणि फिक्या गुलाबांवर तपकिरी ठिपके आले तर ते ओलाव्यातल्या बुरशीचे असतात. फुलांवर पाणी शिंपडलं की ताजी राहतात असं वाटून कुणीतरी मामा बाटली घेऊन फवारत फिरत असतो. पाणी देठाला द्या, तोंडावर मारू नका.

निळे गुलाब मागणाऱ्यांसाठी एवढंच: बाजारातला निळा गुलाब पांढऱ्यावर रंग चढवून केलेला असतो, कारण गुलाबात निळा देणारं डेल्फिनिडिन हे रंगद्रव्यच नसतं. ओला झाला की तो रंग सुटू शकतो. पैठणीवर नको.

आत्ता साडेपाच वाजलेत आणि जुळत नाहीये

बरं. पाहुणे साडेसातला यायला लागतील. नवीन फुलं आणायला कुणाला पाठवू नका, तो चौथा रंग घेऊन येईल.

दोन छटा असतील तर एका टेबलावर एक आणि दुसऱ्यावर दुसरी असं ठेवू नका, त्यानेच चूक दिसते. सगळी फुलं काढून प्रत्येक टेबलावर दोन्ही मिसळा, पण निम्मी-निम्मी नको. एक छटा आठ, दुसरी चार. मध्ये जिप्सो (ती बारीक पांढरी फुलं) किंवा निशिगंधाच्या काड्या आणि कामिनीचा पाला घाला. डोळा शेजारच्या रंगाशी तुलना करतो. मध्ये पांढरं-हिरवं आलं की तुलना तुटते, आणि १८ टेबलांवर तेच दिसलं की लोकांना तसंच ठरवलेलं वाटतं.

करवल्यांची फुलं अगदीच वेगळी असतील तर पोरींच्या केसातून काढू नका, पिनांनी डोकी दुखतात आणि त्या रडकुंडीला येतात. पार्लरवालीकडे उरलेली त्याच रंगाची फुलं मागून घ्या आणि प्रत्येक टेबलाच्या मधोमध एकेक लावा. अठरा फुलांचं काम आहे.

मान न उठलेल्या फुलांचे दांडे बोटभर ठेवून कापा आणि प्रवेशद्वाराशी पितळी उरळीत किंवा घंगाळात पाण्यावर सोडा. तरंगणाऱ्या फुलाला मान लागत नाही. तिथे छटा कितीही असल्या तरी चालतात.

मग लाइटवाल्याला गाठून टेबलांवरचे दिवे एकसारखे करून घ्या. याने कधी कधी वरचं काही करायची वेळच येत नाही, म्हणून दोन माणसं असतील तर एकाला आधी तिकडेच पिटाळा.

आणि नवरदेवाच्या कोटाचं फूल कुणाकडे आहे ते विचारा. बहुतेक ते अजून घरच्या फ्रिजमध्ये आहे, केळ्यांशेजारी.